टॉकीजची खुर्ची

आमचे घरमालक नुसते कुजबुजले तरी रस्त्यापलीकडचा वडापावच्या गाडीवरचा माणूस मान वर करून बघायचा. भिवंडीजवळच्या टेमघरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षं भाड्याने राहिलो. एवढ्या वर्षांत त्यांनी मला विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गुप्त गोष्ट आधी गल्लीला कळली आणि मग मला. "मास्तर, कुनाला बोलू नका हां," अशी ते सुरुवात करायचे. गाडीवाला लगेच गॅस बारीक करून कान द्यायचा.

मी मास्तर नाही, वाचनालयात ग्रंथपाल आहे. हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्यांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं, हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे मास्तरच." त्यानंतर मी तो नाद सोडला. मीही त्यांना काका म्हणू लागलो.

काकांचा आवाज असा का, हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही. घराला लागूनच त्यांचा चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. चाळीस वर्षं ते त्या खडखडाटात उभे होते. तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि ओरडूनही ऐकू येतंच असं नाही. म्हणून लूमवरची माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. पुढे धंदा बसला, लूम भंगारात गेले, शेड रिकामी झाली. आजूबाजूच्या सगळ्यांनी अशा शेडची गोदामं केली. काकांनी स्नूकरचं टेबल आणलं.

त्यामागे एक लग्न होतं. कल्याणला कुणा नातेवाइकाचं लग्न एका मोठ्या हॉटेलात होतं. काका हात धुवायची जागा शोधत भलत्याच दारातून आत गेले. आत हिरवं टेबल, त्यावर दिवा, भोवती दहा-बारा माणसं, आणि कुणीच बोलत नाही. काका तिथेच थांबले. पंगत उठली तरी आले नाहीत. शेवटी काकी शोधत गेल्या. परतीच्या वाटेवर ते त्यांना म्हणाले, "थितं सगले गप होते गं. मना पयल्यांदा वाटला, का सगलेच माज्यासारके भयरे झाले."

त्या एका वाक्यावर टेबल आलं. काकी म्हणायच्या, "दुसरा कुनी असता तर देवलात जाऊन बसला असता."

शेडचा हॉल झाला. त्याच्या दारावर काकांनी पाटी लावली होती: 'बोलू नये. फोन वाजू नये. शिंक आल्यास बाहेर जावे.' नियम मोठ्याने मोडणारा फक्त एकच माणूस होता. कुणी अवघड फटक्यासाठी वाकलं आणि बाकड्यावर जरा चुळबूळ झाली, की काका कोपऱ्यातून "शांतताऽऽ!" अशी गर्जना करायचे आणि फटका चुकायचा. खेळणाऱ्याने वळून बघितलं की ते बाकड्याकडे बोट दाखवायचे, म्हणजे बघ, यांच्यामुळे.

चेंडूंचे रंग त्यांनी इंग्रजीत कधीच म्हटले नाहीत. लाल ती बोरं, पिवळा लिंबू, हिरवा कैरी, तपकिरी चिकू, गुलाबी जाम आणि काळा जांभूळ. निळ्या रंगाचं फळ त्यांना सापडेना, म्हणून निळ्याला ते 'पावना' म्हणत. त्यामुळे बाहेरचं कुणी नवीन आलं आणि "कैरी ठेवून चिकूला का गेलास रं?" असं ऐकलं, की त्याला वाटायचं हा बाजार समितीचा माणूस असावा. बघता बघता सगळ्या हॉलची भाषा तीच झाली. गाडीवाला गुण लिहायला यायचा, पाटीवर तोही 'जांभूळ ७' असंच लिहायचा.

वाचनालयात काका एकदाच आले. मीच बोलावलं होतं. दारात उभे राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर! हितं पन कुनी बोलत न्हाय! झकास!" वर्तमानपत्र वाचणारे दोन पेन्शनर त्या दिवशी गेले ते आठवडाभर आले नाहीत.

कानाचं यंत्र त्यांच्याकडे होतं. मुलीने आणून दिलं होतं. ते खडूच्या डबीत पडलेलं असायचं. "त्यात पंखा आयकू येतो, मानूस न्हाय," हे त्यांचं मत. पण माणसाचं ऐकू येत नव्हतं म्हणावं, तर हॉलमध्ये कोण काय म्हणालं, कुणी कुणाला टोमणा मारला, हे सगळं त्यांना माहीत असायचं. मला ते बरेच दिवस उमगलं नव्हतं. मी त्यांच्या मागून येऊन काही विचारलं तर ते उत्तर देत नसत. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं. शेवटी काकींनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "तोंड दाकवून बोला, मास्तर. त्यांचे कान डोल्यांत हायेत."

तेव्हा मला त्यांची खुर्ची समजली.

गावातली एक जुनी टॉकीज बंद पडली तेव्हा काकांनी तिथली जोडखुर्ची विकत घेतली होती. लाल रेक्झिनची, उठलं की बूड आपोआप वर होणारी. मधला हात कापून त्यांनी दोन केल्या. एक काकींनी वरच्या गॅलरीत पापड वाळवायला घेतली. दुसरी हॉलच्या कोपऱ्यात, काळ्या चेंडूच्या बाजूला, जमिनीला स्क्रूने पक्की केली. लोकांना वाटायचं, मालकाचं सिंहासन. बाकडी भिंतीला लागून एका ओळीत होती. तिथे बसणाऱ्याला शेजाऱ्याचा फक्त कान दिसतो. त्या कोपऱ्यातून मात्र सगळ्या हॉलचे ओठ दिसायचे. हे मला आणि काकींना माहीत होतं, आणखी कुणाला माहीत असेल असं काकांना वाटत नव्हतं.

दर शुक्रवारी जवळच्या निजामपुऱ्याहून जॉबरचाचा यायचे. लूम बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. काकांच्या कारखान्यात चाचा तीस वर्षं जॉबर होते. कारखाना बंद झाल्यावर दोघांत मालक-कामगार हे नातं उरलं नाही, आणि मग ते मोकळेपणाने भांडू लागले. लूमला सुट्टी शुक्रवारची, म्हणून नमाजनंतर चाचा आणि निजामपुऱ्याची मंडळी यायची. काकांची एंट्री ठरलेली असे. दारात येऊन ते स्वतःच्या पोटावर दोनदा थापट मारायचे. सगळे हसायचे. मला कारण कळेना. चाचांनी सांगितलं, "मास्टरसाब, कारखान्यात शेठ येतोय हे सांगायचा आमचा इशारा होता हा. तीस साल हम समझे, इसको पता नहीं."

बाकीचे इशारेही मला चाचांनीच शिकवले. हॉलमध्ये बोलायला बंदी, पण येणारे निम्मे लोक लूमवरचे. त्यामुळे तिथे शांततेत प्रचंड गोंगाट चालायचा. भुवया, बोटं, कोपरं सगळी बोलत असायची. दोन इशारे मी पक्के लक्षात ठेवले. उजवा हात वर आणि मूठ आवळलेली: धागा तुटला, लूम थांबव. आणि दोन बोटं आपल्या छातीवर टेकवून मग तळहात दाराकडे उघडायचा: मी आहे, तू जा. कुणाला जेवायला, नमाजला किंवा घरी जायचं असलं की शेजारचा असं करून त्याचे लूम सांभाळायचा.

त्या टेबलावर दोन पोरं तयार झाली. पोरं म्हणजे पंचविशीतले बाप्ये. एक काकांचा भाचा, गोदामात सुपरवायझर. दुसरा चाचांचा धाकटा मुलगा, रोज बारा तास लूमवर. दोघांनी बाहेरच्या स्पर्धांत ढाली मिळवलेल्या, पण एकमेकांशी खेळणं दोघेही टाळत होते. हरला तर गावात तोंड कसं दाखवायचं? चाहत्यांना मात्र दम नव्हता. टेमघरचे म्हणत, भाच्याचा हात म्हणजे मशीन. निजामपुऱ्याचे म्हणत, मशीन तर आमचा रोज चालवतो.

एका शुक्रवारी खेळ संपल्यावर चाचांनी काकांना डिवचलं. "शेठ, तेरे भांजे में दम है तो कुर्सी लगा."

"कुटली कुर्सी?"

"यही, जिसपे बैठा है. मेरा बेटा जीता तो साल भर मैं बैठूँगा, तू बाकड़े पे."

"आनि माजा भाचा जिंकला तर?"

"तो साल भर मैं तेरेको शेठ बोलूँगा."

"ते तू आत्ता पन बोलतंस!"

"अभी मज़ाक में बोलता हूँ. तब दिल से बोलूँगा."

हॉल फुटला. हसणं थांबायच्या आत काकांनी मांडीवर थाप मारली. "लावली!"

सामना दोन आठवड्यांनी ठरला. मधल्या एका दुपारी मी वाचनालयातून जेवायला आलो तर हॉलचं दार उघडं दिसलं. काका एकटेच बाकड्यावर बसले होते. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला सरकत होते. मान डावीकडे वळवून बघत, मग उजवीकडे. मला बघून त्यांनी शेजारी बसायची खूण केली. मी बसलो.

"मास्तर, कायतरी बोला. टेबलाकडं बघून बोला."

मी म्हणालो, "आज वाचनालयात नवी पुस्तकं आली."

ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "बोललात का?"

"हो."

हे त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं म्हणून कळलं. त्यांनी मान हलवली. "साल म्हंजे बावन शुक्रवार," ते म्हणाले. ही एकच गोष्ट त्यांनी मला खरोखर हळू आवाजात सांगितली असेल. बाहेर गाडीवाल्याने मान वर केली नाही.

"चाचांना सांगून टाका ना," मी म्हणालो. "ते पैज सोडतील."

"मंग बोलतील, शेठ भयरा झाला म्हून घाबरला." ते उठले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. "त्यापरीस भाचा जिंकंल."

सामन्याच्या शुक्रवारी मी दुपारची सुट्टी टाकली. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना लोक लटकले होते. एका भिंतीला टेमघर, एका भिंतीला निजामपुरा. पाच फ्रेमचा, म्हणजे पाच डावांचा सामना, आणि पंच म्हणून गाडीवाला, कारण तो दोन्ही गावांना एकाच तेलातले वडे घालतो.

पहिल्या चार फ्रेम दोन-दोन. आवाज काही नाही, पण हातांचं रान उठलं होतं. भाच्याचं एक बोर खिशाच्या तोंडावरून परत आलं, तेव्हा निजामपुऱ्याच्या तीस-चाळीस माणसांनी एकदम दोन्ही हात आडवे हलवले. लूमवर याचा अर्थ, कापड वाया गेलं. उत्तर म्हणून टेमघरच्या एका आजोबांनी असा इशारा केला की चाचांनी कपाळाला हात लावला. त्याचा अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्या दिवशी त्यांनी एकदाही "शांतता" म्हटलं नाही.

शेवटच्या फ्रेममध्ये जाम आणि जांभूळ एवढेच उरले. भाचा दहा गुणांनी पुढे. चाचांच्या मुलाला दोन्ही घालावे लागणार होते, तेरा गुण, तरच तो जिंकणार. एक चूक झाली तर खेळ तिथेच संपला.

जाम पलीकडच्या खिशाजवळ होता. पांढऱ्या चेंडूपर्यंत पोचायला त्याला टेबलावर जवळजवळ आडवं व्हावं लागलं. एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत. जांभूळ बरोबर त्याच्या पोटाखाली. तो नमाजहून तसाच आला होता, सैल सदरा घालून. वाकला तसा सदऱ्याचा पुढचा भाग लोंबला आणि काळ्या चेंडूच्या दिशेने खाली खाली येऊ लागला. कपडा चेंडूला लागला तर फाउल, भाच्याला सात गुण. गाडीवाला त्याच्या पाठीमागे होता, त्याला दिसणं शक्य नव्हतं. भाचा स्टुलावर मान खाली घालून बसला होता. बाकड्यांवरच्या लोकांना पोराची पाठ दिसत होती. सदरा आणि चेंडू यांच्यातली ती बोटभर जागा एकाच ठिकाणाहून दिसत होती. मी खुर्चीच्या मागे उभा होतो, म्हणून मलाही दिसली.

काकांनी फक्त हात गुडघ्यावर तसाच राहू द्यायचा होता. दोन क्षण.

त्यांचा उजवा हात वर गेला. मूठ आवळलेली.

पोरगा समोरच होता. त्याने मूठ बघितली आणि तिथल्या तिथे थांबला, लूमवर थांबतात तसा. मग सावकाश मागे आला आणि सरळ उभा राहिला. काकांनी आपल्या सदऱ्याला चिमटीत धरून दाखवलं. पोराने खाली बघितलं, त्याचा चेहरा उतरला, त्याने सदरा पँटमध्ये खोचला. परत वाकला. जाम गेला. मग जांभूळ.

त्या हॉलमध्ये त्याआधी मी कधी एवढा आवाज ऐकला नव्हता. निजामपुऱ्याने छप्पर उचललं. टेमघर दुसऱ्याच कारणाने ओरडत होतं. भाचा टेबल ओलांडून आला.

"मामा! सदरा लागत होता ना? लागत होता ना? मग थांबवलं कशाला त्याला? गप बसायचं होतं!"

काका आपल्या हाताकडे बघत होते. तो कुणा भलत्याचाच असावा असे. "धागा तुटताना दिसला," ते म्हणाले.

"पण लूम त्यांचा होता!"

"मंग?" काकांनी वर बघितलं. "हात वर कराच्या आदी लूम कुनाचा हाय ते इचारतात काय रं?"

टेमघरच्या आजोबांनी इशाऱ्यासाठी उचललेला हात खाली घेतला.

काका उठले. खुर्चीचं बूड खटकन वर गेलं. त्यांनी ते हाताने खाली केलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि चाचांना म्हणाले, "बस."

चाचा बसले. पण मला वाटलं होतं तेवढे ते खूश दिसले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी काका बाकड्यावर होते. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. खेळ सुरू व्हायच्या आधी लोक येता-जाता त्यांच्याशी बोलत होते आणि ते "हां, हां" म्हणत होते. कुणीतरी विचारलं, "काकी कशा आहेत?" काका म्हणाले, "हां, मंगलवारी." मग कुणी विनोद केला. सगळे हसले, काका हसले नाहीत. सगळे थांबल्यावर ते एकटे हसले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत चाचांचा उजवा हात वर गेला. मूठ आवळलेली.

हॉल थांबला. चाचा उठले, मला त्यांनी बोटाने बोलावलं आणि तडक जिना चढून वर गेले. गॅलरीत काकींनी पापड घातले होते. "भाभी, पापड़ उठाओ," चाचा म्हणाले. काकींनी पापड उचलले. आम्ही दोघांनी ती दुसरी खुर्ची खाली आणली. चाचांनी ती पहिलीच्या शेजारी ठेवली नाही. समोरच्या कोपऱ्यात ठेवली, तिथूनही सगळ्यांचे ओठ दिसतील अशी. खिशातून पेचकस आणि स्क्रू काढले. घरूनच घेऊन आले होते. जॉबरच ते.

काका बघत उभे होते. "तुना कवा कललं?"

"तीस साल तेरे पास खड़ा था, शेठ," चाचा स्क्रू आवळत म्हणाले. मग लक्षात येऊन त्यांनी मान वर केली आणि तोंड दाखवून पुन्हा म्हणाले. "मेरे कान कौन से नए हैं? मैं भी तो वहीं खड़ा था. कुर्सी मेरेको भी चाहिए थी."

त्यानंतर तीन वर्षं काका आपल्या जुन्या खुर्चीत आणि चाचा या दुसऱ्या खुर्चीत, असे ते दोघे दोन कोपऱ्यांत बसले आणि सगळ्या हॉलच्या डोक्यांवरून एकमेकांशी हातांनी भांडले. काकांच्या खुर्चीचं रेक्झिन फाटलं, चाचांच्या खुर्चीला शेवटपर्यंत पापडखाराचा वास होता. काका दर शुक्रवारी एकदा तरी त्यावरून नाक दाबून दाखवायचे.

काका गेले ते झोपेत, दुपारच्या जेवणानंतर. मी वाचनालयात होतो. आलो तेव्हा हॉलचं दार उघडून त्यांना तिथेच आणून ठेवलं होतं, कारण एवढी माणसं घरात मावत नव्हती. टेमघर होतं, निजामपुरा होता. लूमचा दिवस असूनही माणसं शिफ्ट टाकून आली होती. पाटी दारावर तशीच होती आणि कुणीही बोलत नव्हतं. काकींचं रडणंसुद्धा आवाजाचं नव्हतं.

उचलायच्या वेळी चाचा पुढे आले. पायांशी नाही, तोंडासमोर उभे राहिले, काकांना त्यांचे हात दिसावेत असे. दोन बोटं त्यांनी आपल्या छातीवर टेकवली. मग तळहात उघडून दाराकडे केला.

या वेळी मला कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

गेल्या शुक्रवारी हॉल उघडला. मी उशिरा पोचलो आणि दाराशीच उभा राहिलो. भाचा आणि चाचांचा मुलगा खेळत होते, नुसतेच, पैज न लावता. चाचा आपली खुर्ची सोडून काकांच्या कोपऱ्यात बसले होते. भाचा जांभळावर वाकला. बाकड्यावर कुणाची तरी पिशवी खसखसली.

"शांतताऽऽ!" चाचा कोपऱ्यातून गरजले.

फटका चुकला. भाच्याने वळून बघितलं. चाचांनी गंभीर चेहऱ्याने बाकड्याकडे बोट दाखवलं.